आण्णांच्या टाचा



मालवणात गणपती आणि आपलं दशलक्षण पर्व पाठोपाठच येतं. चतुर्थीला शेजारच्या काकींकडे गणपती बसतो, आमच्याकडे मोदकांचं ताट येतं, आणि दुसऱ्या दिवशी पंचमीला आमचं पर्व सुरू होतं. एका भिंतीपलीकडे आरत्या आणि अलीकडे माझा स्वाध्याय. यंदाही तसंच झालं. फक्त यंदा मार्दव आणि आर्जव हे दोन दिवस मला जरा जड गेले. का, ते आज लिहिते. स्वयंपाकघरापासून सुरू होऊन गोष्ट लांब जाणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये व्यापाऱ्यांसाठी तपासणी शिबिर होतं. ह्यांच्या दुकानातर्फे सासूबाई आणि मी रक्त देऊन आलो. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, ते आम्हाला काय अवघड! सूर्यास्तानंतर आमच्या पोटात पाणीही जात नाही. चार दिवसांनी दोन कागद हातात आले. सासूबाईंचं वय ७१. एकूण कोलेस्ट्रॉल १७८, त्यात वाईट म्हणतात ते एलडीएल १००. माझं वय ४४. एकूण २९६, एलडीएल २२२.

पहिल्यांदा वाटलं, कागद उलटे आले असणार. माझं वजन ५१ किलो. जन्मापासून अंडं नाही, मासा नाही, मटण नाही. कांदा, लसूण, बटाटा नाही. बुधवारी तूप सोडायचं, शनिवारी तेल, ही माहेरची पद्धत मी लग्नानंतरही मोडलेली नाही. आणि सासूबाई? त्यांना आमटीवर तुपाची धार लागते, सोलकढी वाटीभर, घावण्याबरोबर नारळाचा गोड रस. माझ्या हातचंच खातात, एकाच कढईतलं. मग हा फरक आला कुठून?

काकींना सांगितलं तर त्या खळखळून हसल्या. "गो बाय, तुमी तर नुसतो पालो खातास, तुमका खयसून कोलेस्ट्रॉल?"

मीही हसले आणि कागद कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. आजपर्यंत किती जणींना मी ऐटीत सांगितलं होतं की आपला जैन आहारच असा आहे, आपल्याला असले रोग शिवत नाहीत. आता कुठल्या तोंडाने सांगू? ह्यांना म्हटलं, थोडं वाढलंय, बघू. सहा महिने तो कागद तिथेच पडून होता.

सप्टेंबरमध्ये वहिनीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, वय ४१, सकाळी मंदिरातून घरी आला, छातीत आवळल्यासारखं होतंय म्हणाला आणि पायरीवरच बसला. वेळेत कोल्हापूरला नेलं म्हणून वाचला. एक स्टेंट घालावा लागला. मी रात्रीच फोंडाघाट चढून निघाले.

दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर राउंडला आले. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि मग एक विचित्र गोष्ट केली. भावाच्या पायावरची चादर सारली आणि टाचेच्या मागची जाड शीर दोन बोटांत धरून दाबून बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वडील कशाने गेले?"

आमचे आण्णा ४६व्या वर्षी गेले. साखर कारखान्यात हिशेबनीस होते. एका दुपारी जेवून ऑफिसात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा सगळे म्हणाले, आयुष्यकर्म तेवढंच होतं. मी कॉलेजात होते, भाऊ शाळेत.

पण डॉक्टरांनी भावाची टाच धरली तेव्हा माझ्या हातांना आण्णांच्या टाचा आठवल्या. रात्री त्यांचे पाय चेपायचं काम माझं असायचं. टाचेच्या मागे, चपलेचा पट्टा बसतो तिथे, त्यांची शीर अंगठ्याएवढी जाड होती आणि तिच्यात गाठी होत्या. मी विचारायची, आण्णा, हे काय? ते म्हणायचे, अनवाणी चालून चालून पाय घट्ट झालेत. त्यांच्या डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळट चट्टे होते, बुबुळाभोवती पांढरी कड होती. आक्का त्याला वयाची खूण म्हणायची. चाळिशीतल्या माणसाला कसली आलीय वयाची खूण!

त्या गाठी म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं कोलेस्ट्रॉल होतं. ते आमच्या डोळ्यांसमोर होतं, माझ्या हातांखाली होतं, आणि आम्हाला वाचता येत नव्हतं.

डॉक्टरांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचत गेले, ते माझ्या भाषेत सांगते. कोलेस्ट्रॉल विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागतं. भाजीपाला, धान्य, तेलबिया यांत ते नसतंच म्हटलं तरी चालेल, पण आपलं लिव्हर ते स्वतःच तयार करतं. म्हणून 'मी शाकाहारी, मला कोलेस्ट्रॉल कुठून' हा प्रश्नच चुकीचा आहे. ते एलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात फिरतं आणि काम झालं की लिव्हर ते कण परत ओढून घेतं. त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर ग्राहक असतात. आमच्या बंदरावर होड्या बांधायला खुंट असतात ना, तसे समजा. खुंट पुरेसे असले की होड्या किनाऱ्याला लागतात. निम्मे खुंट मोडलेले असले तर होड्या पाण्यातच भरकटत राहतात, एकमेकींवर आणि धक्क्यावर आपटतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत असंच होतं.

हे खुंट बनवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आली की जन्मापासूनच एलडीएल जास्त. अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हा ग्राहक शोधून काढला आणि त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. या आजाराला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. नाव मोठं आहे, पण आजार दुर्मीळ नाही. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला तो असतो. आणि ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी.

आमच्या आण्णांची दोन मुलं, दोन्ही वेळा नाणं एकाच बाजूला पडलं.

इथे मला एक प्रश्न पडला. आण्णांना हे आलं ते आजोबांकडून, कारण आजोबांच्याही टाचा तशाच होत्या असं आक्का सांगते. पण आजोबा तर ७४ वर्षं जगले! शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी शेती, दिवसभर पायी, ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी. तूप सणाला. सायंकाळी उजेड असेतो जेवण आणि झोप. मग तेच जनुक घेऊन मुलगा ४६व्या वर्षी कसा गेला?

याचं उत्तर मला नेदरलँड्समधल्या एका घराण्याच्या गोष्टीत सापडलं. तिथल्या संशोधकांनी हाच आजार असलेल्या एका कुळाची दोन शतकांची वंशावळ मांडली. ती २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांच्याकडे ते जनुक होतं, ते इतरांपेक्षा लवकर मरत नव्हते. पुढे हळूहळू त्यांच्यातलं मरणाचं प्रमाण वाढत गेलं, १९५०च्या सुमारास सर्वांत जास्त झालं आणि नंतर पुन्हा उतरलं. जनुक तेच, घराणंही तेच. बदललं होतं ते खाणं, कष्ट, धूम्रपान आणि शेवटी औषधं. चीनमध्ये राहणारे आणि कॅनडात राहणारे चिनी वंशाचे लोक, दोघांतही हाच जनुकदोष असलेल्यांची तुलना झाली आहे. चीनमधल्यांचं एलडीएल खूप कमी होतं आणि टाचेच्या गाठी जवळजवळ नव्हत्या.

आपल्या माणसांचंही असंच एक उदाहरण आहे. पश्चिम लंडनला गेलेले भारतीय आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं, अशी तपासणी १९९५ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. लंडनवाल्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल, साखर सगळं भावंडांपेक्षा वाढलेलं. पण लायपोप्रोटीन (ए) नावाचा एक घटक मात्र दोन्हीकडे सारखाच होता आणि गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होता. म्हणजे काही आकडे गाव बदललं की बदलतात आणि काही सोबत येतात. हा लायपोप्रोटीन (ए) जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही. म्हणून तो आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. भावाचा जास्त निघाला, माझा नाही. एकाच आईच्या पोटची आम्ही.

आता तुम्ही म्हणाल, हा तुमच्या घराण्यातला दोष झाला, आमचं काय? तर मैत्रिणींनो, बहुतेकांचं कोलेस्ट्रॉल असं एका जनुकामुळे वाढत नाही. अनेक जनुकं थोडीथोडी ढकलतात, आणि बाकीचं काम ताट, खुर्ची आणि वय करतं. आणि आपल्या देशात एक गोष्ट जन्माआधीच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक खरी, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. डॉ. याज्ञिकांचा त्यांच्या इंग्रज मित्रासोबतचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रज मित्राची ९.१ टक्के आणि डॉक्टरसाहेबांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक असणं हे आपल्यासाठी प्रमाणपत्र नव्हे. पोटात आई काय खाते, हाही वातावरणाचाच भाग.

त्याच अभ्यासात दिसलं की गरोदर बायकांपैकी बऱ्याच जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्या मातांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिकार अधिक आढळला. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. आपण दूधदह्यावर अवलंबून, आणि आजकाल पुष्कळ जणी तेही सोडतात. तेव्हा घरात लेक-सून गरोदर राहायच्या विचारात असेल तर बी-१२ तपासून घ्या. व्रत मोडायला मी सांगत नाही, रक्त तपासायला सांगतेय.

आता माझ्या स्वयंपाकघराकडे येते. कोल्हापुरातून परत आल्यावर कपाटातला कागद काढला आणि कुडाळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, तीन महिने खाणं बदलून बघा, पण गोळी लागणारच आहे असं धरून चला.

मी वही काढली आणि पंधरा दिवस घरात काय येतं ते लिहिलं. तेव्हा कळलं. माहेरी शेंगदाण्याचं तेल होतं, नारळ पूजेपुरता. इथे परसात चार माड. नारळ पाडायला माणूस आला की पन्नास-साठ नारळ ओटीवर पडतात. भाजीत खोबरं, आमटीत वाटप, कढी नारळाच्या दुधाची, फोडणी खोबरेलाची. खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि ही चरबी लिव्हरवरचे खुंट आणखी कमी करते. इथले लोक मासे खातात, समुद्रावर राबतात, त्यांचं गणित वेगळं. मी मात्र मालवणी स्वयंपाकातला मासा वगळला होता आणि नारळ ठेवला होता. त्यात सासरचं तूप, चहासोबत खारी-बटर, पर्वात पारण्याला फरसाण. कंदमूळ नाही म्हणून सगळं शुद्धच, अशी माझी समजूत. शुद्ध होतं, अहिंसक होतं, पण माझ्या लिव्हरला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग बदललं. फोडणीला शेंगदाणा तेल, तेही मोजून. वाटपात खोबरं निम्मं आणि उरलेल्या जागी भाजलेलं डाळं. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा, लसणाशिवाय, हिंग-जिरं-आमसुलावर. छान होते, शंका नको. सोलकढी गेली, तिच्या जागी नुसतं सोलांचं पाणी आलं. खारी-बटर बंद. संध्याकाळचं जेवण तसंही उजेडात असतं, त्यानंतर ह्यांच्यासोबत बंदराच्या धक्क्यापर्यंत चालणं. सासूबाईंना त्यांची सोलकढी वेगळी करून देते. त्यांचे खुंट मजबूत आहेत, त्यांना शिक्षा कशाला?

सल्ले देणारे खूप भेटले. एकीने लसूण सुचवला, एकीने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. मी म्हटलं, बाई, दोन्ही आमच्या कामाचं नाही.

तीन महिन्यांनी एलडीएल २२२ वरून १९६. मी रडले. एवढं सगळं करून एवढंच? डॉक्टर म्हणाले, "एवढंच नाही, हे तुमच्या हातातलं होतं ते तुम्ही केलंत. उरलेलं तुमच्या हातात नव्हतं."

गोळीबद्दल माझे दोन प्रश्न होते, आणि ते तुमचेही असतील म्हणून लिहिते. पहिला, ती कशापासून बनते? या औषधांचं मूळ बुरशीत आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ च्या सुमारास पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. पण आज बहुतेकांना मिळणारी अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही पूर्णपणे रासायनिक पद्धतीने बनतात. कॅप्सूल असेल तर तिच्या जिलेटिनचा प्रश्न येतो, म्हणून मी साधी गोळीच मागून घेतली. दुसरा प्रश्न, ही रात्री झोपताना घ्यायची असते म्हणतात, मग माझ्या रात्री पाणी न घेण्याच्या नियमाचं काय? डॉक्टर म्हणाले, जुन्या काही गोळ्यांना रात्र लागते, या दोन दिवसभर टिकतात, सकाळी घेतल्या तरी चालतात. इतकं सोपं होतं. मी आधीच विचारलं असतं तर! सकाळी अभिषेक झाल्यावर पाण्यासोबत गोळी घेते. ही गोळी लिव्हरचं स्वतःचं उत्पादन कमी करते, मग लिव्हर उरलेल्या चांगल्या प्रतीवरून जास्त खुंट बनवतं. दीड महिन्यात एलडीएल ९८.

भाऊही आता गोळ्या घेतो आणि रोज चार किलोमीटर चालतो.

पर्वात मला एक गोष्ट सारखी आठवते. राजा श्रेणिकाने यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि सातव्या नरकाचं तेहतीस सागरांचं आयुष्य बांधलं. पुढे सम्यक्त्व लाभलं, भाव पालटले, आणि ते घटून पहिल्या नरकाची चौऱ्याऐंशी हजार वर्षं राहिली. पुसलं गेलं नाही, घटलं. गोम्मटसारात आचार्य नेमिचंद्रांनी कर्माच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. त्यात अपकर्षण आहे, म्हणजे बांधलेलं घटणं. उत्कर्षण आहे, म्हणजे वाढणं. आणि निकाचितही आहे, जे हलत नाही. कर्माचा उदयसुद्धा द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव पाहून होतो. जनुक म्हणजे कर्म असं मी म्हणत नाही, तेवढी माझी योग्यता नाही, आणि विज्ञानाला शास्त्राचा शिक्का मारायची मला हौस नाही. पण आण्णा गेले तेव्हा 'तेवढंच आयुष्य होतं' म्हणून आम्ही हात जोडून बसलो, ते शास्त्राला धरून नव्हतं एवढं मला कळलं. आपल्या धर्मात पुरुषार्थाला जागा आहे. आम्ही ती वापरली नाही.

आता मार्दव आणि आर्जव.

मार्दव म्हणजे मानाचा त्याग. मला माझ्या ताटाचा मान होता. त्या मानापायी तो कागद सहा महिने साड्यांखाली राहिला. मी मार्चमध्येच भावाला फोन करून 'माझं एवढं आलंय, तूही तपास' एवढं म्हटलं असतं, तर त्याची गोळी तेव्हाच सुरू झाली असती. कदाचित पायरीवर बसायची वेळ आली नसती. ही गोष्ट मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

आर्जव म्हणजे सरळपणा, आत एक आणि बाहेर एक नसणं. भाऊ घरी आल्यावर वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आक्का, हे अनुवंशिक वगैरे कुणाला बोलू नका. पोरीला स्थळं बघतोय." तिचं चूक नव्हतं. आपल्या समाजात बातमी लग्नाच्या बोलणीआधी पोचते. मी मान डोलावली. घरी येऊन मात्र झोप लागेना. भाची २२ वर्षांची. नाणं तिच्यासाठीही उडालेलं आहे, आणि ते कुठल्या बाजूला पडलंय हे झाकून ठेवायचं म्हणजे आण्णांच्या टाचा पुन्हा एकदा न वाचणं.

महिन्याभराने मी वहिनीला म्हटलं, जगाला सांगू नको, पण पोरीचं रक्त तरी तपास. तपासलं. एलडीएल २०५. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाचीनेच मला फोन केला. तिला एकच विचारायचं होतं, "आत्या, मला मुलं होऊ शकतील ना?" होतील, म्हटलं. दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची असते, नंतर पुन्हा सुरू करायची, एवढंच. आणि बाळ झालं की त्याचंही लहानपणीच तपासायचं.

एक स्थळ परत गेलं. कारण त्यांनी दुसरंच दिलं, पण आम्हाला कळलं. दुसऱ्या ठिकाणी भाचीने पहिल्याच भेटीत मुलाला स्वतः सांगितलं. तो म्हणाला, माझ्या बाबांना पस्तिशीपासून शुगर आहे, तेही ऐकून ठेव. बोलणी सुरू आहेत. पुढचं अजून ठरलेलं नाही. हे लिहू का म्हणून भाचीला विचारलं, ती म्हणाली, लिही, फक्त माझं नाव नको.

माझ्या घरी दोन मुलं. लेकीचं सगळं ठीक आहे. लेक्याचं, वय १९, पुण्यात हॉस्टेलवर, एलडीएल १८७. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "आई, म्हणजे मेसचा वडापाव बंद?" मी म्हटलं, वडापाव बटाट्यासाठी आधीच बंद असायला हवा होता. तिकडे एकदम शांतता.

तर तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या माहेरच्या किंवा सासरच्या घराण्यात कुणी पुरुष पंचावन्नच्या आत, बाई पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर बारीक आहोत, शाकाहारी आहोत, व्रतं करतो, यावर विसंबू नका. एकदा लिपिड प्रोफाइल करा. एलडीएल १९० च्या वर असेल तर भावंडांचं आणि मुलांचंही करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय चेपताना टाचेच्या मागे हात फिरवून बघा. आणि कागद आला की तो साड्यांखाली ठेवू नका, त्याच दिवशी भावाला फोन करा.

परवा क्षमावाणी झाली. दरवर्षी मी भावाला फोन करून 'कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा' म्हणते, तोही तेच म्हणतो, आणि मग पावसाचं बोलतो. यंदा मी म्हटलं, कळत-नकळत नाही, कळत चुकलंय. आणि त्या सहा महिन्यांचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आक्का, मार्चमध्ये सांगितलं असतंस तरी मी तपासलं नसतं. मला पण वाटायचं, आपण जैन, आपल्याला काय होतंय."

ते खरं आहे की माझं मन राखायला बोलला, मी विचारलं नाही.

तुम्हा सर्वांना उत्तम क्षमा.